आठवीनंतर काय बदलते? सहावी ते नववीच्या वाटेवर पालकांसोबत उभे राहण्यासाठी

जून महिना उजाडला की आमच्या विहारातल्या मदत कक्षात गर्दी वाढते. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी एक ताई मुलीला घेऊन आल्या. मुलगी पंचवीस टक्के राखीव जागेतून पहिलीपासून एका इंग्रजी शाळेत शिकत होती आणि आठवी चांगल्या श्रेणीने पास झाली होती. शाळेने नववीची पूर्ण फी भरायला सांगितली होती. ताई धुणीभांडी करतात. त्या एवढेच म्हणत होत्या, "मोफत आहे म्हणून सांगितलं होतं ना दादा, मग आता मध्येच पैसे कसे?"

शाळेने कायदा मोडला नव्हता. मोफतची मर्यादा आठवीपर्यंतच होती. आठ वर्षांत हे ताईंना कुणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही त्यात आलो. पहिलीच्या प्रवेशासाठी त्यांचा अर्ज आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याने भरला होता. पुढे काय होणार हे त्यांना समजावून सांगण्याचे काम आम्ही केले नाही.

त्यानंतर आम्ही पहिली आणि दहावीइतकेच लक्ष सहावी, सातवी आणि आठवीकडे देऊ लागलो. वस्तीत पालकांना मदत करणाऱ्या तरुणांच्या हाताशी असावी म्हणून ही माहिती एकत्र केली आहे. ती महाराष्ट्रापुरती आहे. योजनांच्या तारखा, रकमा आणि अटी शासन निर्णयांनी बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचे परिपत्रक शाळेतून पाहून घ्यावे.

आधी रचना समजून घेऊ

आपल्या आईवडिलांच्या पिढीत पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवी ते दहावी माध्यमिक अशी विभागणी होती. सातवी म्हणजे 'फायनल' हे शब्द अजूनही जुन्या लोकांच्या तोंडी आहेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्यात पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक, आणि नववीपासून माध्यमिक.

कागदावर रचना बदलली, पण इमारती त्याच राहिल्या. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा आजही चौथीला किंवा सातवीला संपतात. खाजगी अनुदानित हायस्कुले बहुधा पाचवी किंवा आठवीपासून सुरू होतात. त्यामुळे एखाद्या मुलाला शाळा पाचवीत बदलावी लागते, दुसऱ्याला आठवीत, तिसऱ्याला नववीत. म्हणून पालक आल्यावर आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो : तुमची शाळा कितवीपर्यंत आहे? आणि दुसरा : त्यानंतर मूल कुठे जाणार, हे ठरले आहे का?

राज्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. उच्च प्राथमिक वर्गांसाठी कायद्याच्या परिशिष्टात वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १,००० तासांचे अध्यापन सांगितले आहे. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा, आणि ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असावा असेही त्यात आहे. आपल्या शाळेत गणिताला शिक्षक नसेल तर ती मागणी आपण उपकार म्हणून करत नाही. ती कायद्यात आहे.

ही मागणी करण्याची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. विनाअनुदानित खाजगी शाळा सोडून सर्व शाळांत ती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. आपल्या वस्तीतल्या किती आया या समितीत आहेत, हे एकदा मोजून पाहा. नावे असतील आणि बैठकीला बोलावले जात नसेल, तर इतिवृत्ताची वही मागून पाहा.

मोफत कुठपर्यंत?

पालकांना सगळ्यात स्पष्ट सांगायची गोष्ट हीच. आठवी संपल्यावर एकाच वेळी पुढील गोष्टी थांबतात :

- मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा केंद्रीय कायद्याचा हक्क सहा ते चौदा वयोगटासाठी आहे. आठवी पूर्ण होण्याआधी वय चौदाच्या पुढे गेले तरी आठवी पूर्ण होईपर्यंत तो राहतो.
- खाजगी विनाअनुदानित शाळेतील पंचवीस टक्के राखीव जागेवरचे मोफत शिक्षण आठवीपर्यंत असते.
- समग्र शिक्षा अभियानातील मोफत पाठ्यपुस्तके आणि गणवेश आठवीपर्यंत असतात.
- शाळेतील मध्यान्ह भोजन आठवीपर्यंत असते.
- प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्याआधी मुलाला शाळेतून काढता येणार नाही, हे संरक्षणही तिथेच संपते.

नववीत गेलेल्या मुलाला पुस्तके विकत घ्यावी लागतात, दुपारचा डबा घरून न्यावा लागतो, शाळा लांब असेल तर प्रवासखर्च येतो, आणि अभ्यासही एकदम कठीण होतो. पोर नववीत शाळा सोडते तेव्हा घरचे म्हणतात, "त्याचं मनच लागत नव्हतं." मन लागत नव्हते हे खरे असेल, पण त्याच वर्षी वह्या-पुस्तकांचा, जेवणाचा आणि प्रवासाचा भारही घरावर आलेला असतो. पालकांना हे सहावीतच कळले तर तयारीला तीन वर्षे मिळतात.

पंचवीस टक्क्यांतून शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी आठवीच्या दिवाळीनंतरच शाळेला नववीची फी लेखी विचारावी. संस्थेकडे फी सवलतीचा अर्ज करता येतो. तो मान्य होईलच असे नाही, म्हणून जवळच्या अनुदानित शाळेत इंग्रजी किंवा सेमी इंग्रजीची तुकडी आहे का, हेही त्याच वेळी पाहून ठेवावे. सेमीमध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असते, बाकी विषय मराठीतून. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाला हा बदल झेपतो, पण मराठी लेखनाची तयारी आधीपासून हवी. ज्या ताईंचा उल्लेख सुरुवातीला केला, त्यांच्या मुलीने हाच मार्ग घेतला. पहिले सहा महिने मराठी निबंधाला ती रडायची. पण दहावी पूर्ण झाली.

प्रगतिपुस्तक कसे वाचायचे

पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन असते. त्याचे दोन भाग. आकारिक मूल्यमापन म्हणजे वर्षभरातील तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, गृहपाठ, छोट्या चाचण्या. संकलित मूल्यमापन म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. २०१० पासूनच्या या पद्धतीत पाचवी-सहावीला दोन्हींचा वाटा निम्मा-निम्मा आणि सातवी-आठवीला आकारिक ४० टक्के, संकलित ६० टक्के असा ठेवला गेला. म्हणजे वर्ग जसा वाढतो तसे लेखी परीक्षेचे वजन वाढते.

निकाल श्रेणीत मिळतो. ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२, ३३ ते ४० ला ड. त्याखाली इ-१ आणि इ-२.

आमच्याकडे येणारे पालक खाली 'वर्गोन्नत' हा शब्द पाहतात आणि निश्चिंत होतात. पास झाला, झाले. पण सहावीत गणिताला क-२ आणि सातवीत ड असेल, तर ते मूल नववीच्या बीजगणितात अडकणार हे आजच कळायला हवे. नववीला गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे दोन स्वतंत्र पेपर होतात, विज्ञानाचेही दोन भाग होतात. तिथे अपूर्णांक, ऋण संख्या, समीकरणे पुन्हा पहिल्यापासून शिकवायला शिक्षकांकडे वेळ नसतो.

पालक स्वतः शिकलेले नसतील तरी घरी तीन गोष्टी करता येतात. एक, मुलाला रोज वर्तमानपत्राचा एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावायचे आणि काय वाचले ते आपल्याला सांगायला लावायचे. अडखळणे ऐकणाऱ्याला कळते, त्यासाठी अक्षरओळख लागत नाही. दोन, किराण्याचा हिशेब, मजुरीचा हिशेब, शेकडा व्याजाचा हिशेब मुलाकडून करून घ्यायचा. तीन, वह्या उघडून शेवटची तारीख आणि गुरुजींची सही पाहायची. तारीख महिनाभर जुनी असेल तर दुसऱ्या दिवशी शाळेत जायचे. शाळेत जाताना संकोच वाटतो असे अनेक आया सांगतात. अशा वेळी आपल्यापैकी कुणीतरी सोबत जावे. बोलू मात्र आईलाच द्यावे, आपण शेजारी बसावे.

आठवीत आता नापास होता येते

'आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही' हा समज वस्तीत अजून पक्का आहे. तो आता बरोबर नाही. कायद्याच्या कलम १६ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीच्या वर्षाअखेर परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा लागू केली. त्यात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन पुनर्परीक्षेची संधी द्यावी लागते. तिथेही अनुत्तीर्ण झाल्यास त्याला त्याच वर्गात ठेवता येते. मात्र शाळेतून काढता येत नाही.

पालकांना दोन गोष्टी सांगायच्या. एप्रिल-मे महिन्यात निकाल घ्यायला स्वतः जायचे. मूल पुनर्परीक्षेला बसायचे असेल तर लग्नसराईला किंवा कामाला गावोगाव फिरण्याआधी तिची तारीख विचारून घ्यायची. तारीख माहीत नसल्यामुळे मूल वर्ष गमावते, असे होऊ नये.

सातवी-आठवीत द्यायच्या परीक्षा

*एनएमएमएस.* आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांसाठीची ही राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत असते. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी अशी चार वर्षे वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारे असावे. केंद्रीय विद्यालय, नवोदय, विनाअनुदानित खाजगी शाळा आणि शासनाच्या निवासी शाळांतील मुले यात बसत नाहीत. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे ९०-९० गुणांचे दोन पेपर असतात. अर्ज शाळेमार्फतच जातो, म्हणून मुख्याध्यापकांना आधीच विचारावे. नववीतून दहावीत जाताना पहिल्या प्रयत्नात पास होणे आवश्यक आहे, नाहीतर रक्कम थांबते.

*पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षा.* ही पूर्वी चौथी-सातवीला होती, नंतर पाचवी-आठवीला नेली गेली, आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडे आणण्याचा निर्णय झाला आहे. यंदा आपल्या मुलाच्या वर्गाला ती आहे का, हे शाळेतच विचारावे.

*जवाहर नवोदय विद्यालय.* सहावीच्या प्रवेशाची परीक्षा सगळ्यांना माहीत असते. रिकाम्या जागांवर नववीतही प्रवेश मिळतो, त्याची परीक्षा आठवीत असताना द्यावी लागते, हे फार थोड्यांना माहीत असते. साताऱ्याच्या सैनिक शाळेतही सहावी आणि नववी असे दोन प्रवेशाचे टप्पे आहेत.

*नववी-दहावीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती.* अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या या केंद्राच्या योजनेत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. घरून शाळेत जाणाऱ्यास वर्षाला ३,५०० आणि वसतिगृहात राहणाऱ्यास ७,००० रुपये असा दर आहे. एनएमएमएस मिळत असेल तर दोन्ही एकदम घेता येत नाहीत. मुलींसाठी राज्याची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती पाचवीपासून आहे. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते, म्हणून खाते सहावी-सातवीतच उघडून ठेवावे. पैसे 'आलेच नाहीत' अशा तक्रारी आम्ही तपासल्या, तेव्हा खाते आधारला जोडलेले नाही किंवा नावाचे स्पेलिंग जुळत नाही, हीच कारणे पुन्हा पुन्हा निघाली.

निवासी शाळा, वसतिगृह आणि प्रवास

सामाजिक न्याय विभागाच्या 'अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींसाठीच्या शासकीय निवासी शाळा' सहावी ते दहावीसाठी आहेत. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत. ८० टक्के जागा अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी असतात, उरलेल्या अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि दिव्यांग मुलांसाठी. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयातून किंवा थेट शाळेतून अर्ज मिळतो. प्रवेश सहावीत घेणे सोयीचे, कारण वरच्या वर्गात जागा रिकामी असेल तरच मिळते.

त्याच विभागाची शासकीय वसतिगृहे शालेय विद्यार्थ्यांना आठवीपासून घेतात. गावात सातवीपर्यंतच शाळा असलेल्या मुलांसाठी हा मार्ग उपयोगी आहे. मुलींसाठी काही तालुक्यांत कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आहेत. ऊसतोड किंवा वीटभट्टीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी दिवाळीआधीच शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी. कोयता निघाल्यावर उशीर होतो.

वसतिगृहात मूल ठेवण्याआधी पालकांनी ते स्वतः पाहून यावे. पाणी, संडास, जेवण, अधीक्षक तिथे राहतात का, मुलींच्या वसतिगृहात महिला अधीक्षक आहेत का, हे पाहावे. तिथे राहणाऱ्या मुलांशी दहा मिनिटे बोलावे. फुकट आहे म्हणून कसेही चालेल, असे मानू नये.

एसटीने शाळेत जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते. मानव विकास कार्यक्रमातील तालुक्यांत मुलींसाठी स्वतंत्र बसफेऱ्या आणि गरजू मुलींसाठी आठवीपासून सायकल योजना आहे.

कागद : शाळेत असतानाच दुरुस्त करा

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचा प्रवेश झाला. शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद आहे. हा दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या रजिस्टरचे छायाचित्र पाहताना आम्हाला नेहमी एक गोष्ट जाणवते : शाळेच्या वहीतली एक ओळ माणसासोबत आयुष्यभर चालते.

तीच ओळ, म्हणजे जनरल रजिस्टरमधली नोंद, आपल्या मुलांच्या बाबतीत कुणी वाचलेलीच नसते. पहिलीला नाव घालायला आजोबा किंवा शेजारी गेलेले असतात. कुठे आडनाव चुकते, कुठे जन्मतारीख अंदाजे असते, कुठे वडिलांचे नाव आधारपेक्षा वेगळे असते. दहावीच्या परीक्षेच्या अर्जात शाळेच्याच नोंदी उतरतात, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरून पुढचे सगळे कागद तयार होतात. मूल शाळेत शिकत असताना पुराव्यासह अर्ज करून, शिक्षण विभागाच्या परवानगीने ही दुरुस्ती होऊ शकते. शाळा सोडल्यानंतर ती फार अवघड होते. म्हणून सहावीतच मुख्याध्यापकांना विनंती करून ही नोंद पाहून घ्यावी, आणि नववीला जाताना शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तिथेच उभे राहून एकेक रकाना वाचावा.

आपल्या समाजासाठी धर्म आणि जात हे दोन रकाने नाजूक आहेत. काही घरांत आजोबांच्या कागदावर 'हिंदू महार', वडिलांच्या कागदावर 'बौद्ध', मुलाच्या कागदावर 'नवबौद्ध' असे लिहिलेले असते. धर्मांतरित बौद्धांना महाराष्ट्रात राज्याच्या सवलती आधीपासून होत्या. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, तेव्हा केंद्राच्या सवलतीही खुल्या झाल्या. जातीचे प्रमाणपत्र मिळताना मूळ जात सिद्ध करावी लागते आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो.

जुनी जात लिहायलाच नको, असे म्हणणारी कुटुंबे आहेत. त्या भावनेचा आम्ही आदर करतो. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' हे अभिमानाने असावेच. पण प्रमाणपत्र मूळ जातीच्या पुराव्यावरच उभे राहते, म्हणून आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, कोतवाल बुकातील नोंद, जुने जमिनीचे उतारे जपून ठेवायला हवेत. काही वर्षांपूर्वी एका मुलाला बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी पडताळणीत अडकलेले आम्ही पाहिले. आजोबांचा दाखला त्याच्या चुलत्याकडे पत्र्याच्या पेटीत होता. तो सापडायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत त्या घराने काय भोगले ते सांगवत नाही. हेच काम सातवीत असताना एका रविवारी झाले असते.

जातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून होतो, प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो आणि त्याची मुदत असते, म्हणून तो मे महिन्यात काढावा.

नववीचा प्रवेश

शाळा निवडताना पालकांनी विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. शाळा शासकीय, अनुदानित, अंशतः अनुदानित की विनाअनुदानित आहे? फी किती, आणि ती कशाकशाची? गणित, विज्ञान आणि इंग्रजीला कायम शिक्षक आहेत का? प्रयोगशाळा उघडते का? मुलींसाठी स्वच्छतागृह आणि पाणी आहे का? तिसऱ्या भाषेत कोणते पर्याय आहेत? राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात पाली हा विषय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण शिक्षक आणि विद्यार्थी असतील तरच शाळा तो विषय चालवते. दहा-पंधरा पालकांनी मिळून मागणी केली तर बोलणे पुढे जाऊ शकते.

बरोबर न्यायचे कागद : शाळा सोडल्याचा दाखला, आठवीचे गुणपत्रक, आधार, जातीच्या प्रमाणपत्राची प्रत, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाची प्रत, छायाचित्रे. मूळ कागद फक्त दाखवायचे, प्रती द्यायच्या, पोच घ्यायची.

दाखला अडवला तर? आठवीपर्यंत कायद्याचे कलम ५ स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. नववी-दहावीसाठीही, दाखला नाही म्हणून शासकीय व अनुदानित शाळांनी प्रवेश नाकारू नये, असे शासनाने २०२१ मध्ये सांगितले आहे. देणगी मागितली तर १९८७ चा राज्याचा कायदा तिला मनाई करतो. भांडण्याआधी लेखी अर्ज द्यावा. गटशिक्षणाधिकारी, नंतर जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी, असा क्रम ठेवावा. तोंडी नकाराचा पुरावा नसतो. अर्जावर पोचेचा शिक्का घ्यायला गेलो, की बरेचदा तिथेच मार्ग निघतो असा आमचा अनुभव आहे.

मुलगी नववीत आणि मुलगा कामावर

याच वयात मुलगी वयात येते. शाळा दुसऱ्या गावी, रस्ता सुनसान, शाळेत स्वच्छतागृह नाही, घरात धाकटी भावंडे. मग बाप म्हणतो, आठवी झाली, पुरे. अशा बापाला भाषण देऊन उपयोग होत नाही. चार मुली एकत्र जातील अशी व्यवस्था, एसटीचा पास, शाळेच्या वेळेला जुळणारी बस, हे उभे केले की तोच बाप होकार देतो. लग्नाची बोलणी सुरू झाली असतील तर मात्र गप्प बसू नये. अठराच्या आत मुलीचे लग्न हा गुन्हा आहे आणि १०९८ हा क्रमांक मुलांच्या मदतीसाठी आहे.

मुलाच्या बाबतीत मोह वेगळा असतो. गवंड्याच्या हाताखाली, गॅरेजमध्ये रोज रोख पैसे मिळतात. घरची गरज खरी असते. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणे कायद्याने बंद आहे, अठराच्या आतल्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवणेही. पण एनएमएमएसचे वर्षाचे १२,००० रुपये आणि निवासी शाळेत वाचणारा खाण्यापिण्याचा खर्च यांचा हिशेब बापासमोर कागदावर मांडला, तर तो ऐकतो. शाळा सुटलीच असेल तर चौदा वर्षे पूर्ण झालेल्या आणि पाचवी पास मुलाला १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी देता येते. हा शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणून तो कुणाला सुचवू नये.

वर्षभराचे वेळापत्रक

- जून-जुलै : हजेरी, पुस्तके, एसटी पास, निवासी शाळा व वसतिगृहांचे अर्ज. शाळा व्यवस्थापन समितीत कोण आहे ते पाहणे.
- ऑगस्ट-ऑक्टोबर : एनएमएमएस, नवोदय आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या तारखा. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी.
- नोव्हेंबर : ७ तारखेच्या विद्यार्थी दिवसाला विहारात पालकांची बैठक. सहामाहीची प्रगतिपुस्तके सोबत आणायला सांगणे.
- डिसेंबर-फेब्रुवारी : परीक्षांचा सराव. आठवीच्या मुलांची नववीची शाळा ठरवणे. फी लेखी विचारणे.
- मार्च-मे : आठवीची वार्षिक परीक्षा, निकाल, पुनर्परीक्षा. उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले.

या सगळ्याला मोठी संघटना लागत नाही. एक वही लागते. आम्ही वस्तीतल्या सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाचे नाव, शाळा, ती कितवीपर्यंत आहे, गणिताची श्रेणी, बँक खाते, जातीचे प्रमाणपत्र, आणि नववीला कुठे जाणार, एवढे सात रकाने आखले. पहिल्या वर्षी शेवटचा रकाना बहुतेक रिकामा होता. आता डिसेंबरपर्यंत तो भरलेला नसेल, तर आमच्यापैकी एकजण त्या घरी जाऊन बसतो.

आपल्या वस्तीत अशी वही नसेल तर या रविवारच्या वंदनेनंतर ती सुरू करा. जयभीम.